तिने अंतरा दोनदा घेतला, तर?

प्रिय ताई,

आम्ही तिघं मिळून गाणी करतो. मैत्रीण गाते, एक मित्र गिटार वाजवतो आणि बीट माझ्याकडे. ते मी लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये बनवतो. आतापर्यंत चार कार्यक्रम झाले. चारही वेळा मी गाण्याची तयार फाईल लावून लॅपटॉपमागे उभा राहिलो. मागच्या वेळी कार्यक्रम संपल्यावर एकाने अगदी सहज विचारलं, ‘तू नक्की काय वाजवत होतास?’ मला उत्तर देता आलं नाही. शिवाय मैत्रीण रंगात आली की अंतरा दोनदा घेते. तोवर फाईल पुढे निघून गेलेली असते आणि तिला धावतपळत ती गाठावी लागते. मित्र म्हणतात, लॅपटॉप सोड, एमपीसी घे. कोणी डिजिटॅक्ट सुचवतं, कोणी एसपी-४०४. तिन्ही लॅपटॉपशिवाय बीट वाजवायची यंत्रं. वर्षभर साठवलेल्या पैशांत एकच वस्तू येईल. पुढचा कार्यक्रम दोन महिन्यांवर आहे, आठ गाणी करायची आहेत. काय घेऊ? आणि स्टेजवर लॅपटॉप असणं खरंच कमीपणाचं आहे का?

— लॅपटॉपमागे उभा असलेला

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचताना मी एका वाक्यावर थांबले: ‘मैत्रीण रंगात आली की अंतरा दोनदा घेते.’ तुझ्या सगळ्या प्रश्नांची नस तिथेच आहे. गाणारं माणूस रंगात येणारच, आणि ते यावं म्हणून तर लोक ऐकायला आलेले असतात. पण तुझं गाणं एका सलग फाईलमध्ये गोठून बसलंय. ती फाईल लॅपटॉपवर वाजव, एमपीसीवर वाजव नाहीतर फोनवर, मैत्रिणीसाठी ती थांबायची नाही. म्हणून आधी गाणं मोड, यंत्राचं नंतर बघू. उलट केलंस तर दोन महिन्यांनी तू नव्याकोऱ्या यंत्रामागे असाच उभा असशील, आणि साठवलेले पैसेही गेलेले असतील.

मोडायचं म्हणजे काय, ते एका गाण्यावर करून बघ. समज, गाणं ९० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला ९० मात्रांचं आहे. चार मात्रांचा एक बार पावणेतीन सेकंदांच्या आत संपतो, आठ बारांचा अंतरा साधारण २१ सेकंदांचा होतो. आधी गाण्याचे लांबीत तुकडे कर: सुरुवात, मुखडा, अंतरा, मधली मोकळी जागा, शेवट. मग प्रत्येक तुकड्याचे थर सुटे कर: ड्रम, बेस, कॉर्ड धरणारे सूर, आणि उरलंसुरलं सगळं एकत्र. चार थर पुरेत. बारा काढलेस तर स्टेजवर त्यातल्या आठांना तुझा हातही लागणार नाही.

एफएलमध्ये एक्सपोर्ट करताना मिक्सरचे ट्रॅक सुटे काढायची सोय आहे, ‘स्प्लिट मिक्सर ट्रॅक्स’. त्याच खिडकीत शेपटीचं काय करायचं तेही विचारलेलं असतं, आणि इथे बरेचजण घसरतात. लूप, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारा तुकडा, संपतो तेव्हा रिव्हर्बची, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाची, शेपटी अजून हवेत असते. ‘कट रिमेंडर’ ठेवलंस तर ती कापली जाते आणि दर फेरीला एक हिसका ऐकू येतो. ‘रॅप रिमेंडर’ ठेवलंस तर ती शेपटी लूपच्या सुरुवातीला आणून मिसळली जाते आणि सांधा कळत नाही. तोटा एवढाच, की पहिल्या फेरीत अजून न वाजलेल्या सुराची शेपटी आधीच ऐकू येते. त्यामुळे मी ड्रम आणि बेस कोरडे काढते, फक्त सुरांच्या थराला रॅप वापरते, आणि तो थर इतर काही वाजत असतानाच आत आणते. त्या आवाजात शेपटी झाकली जाते. आणखी एक: मास्टरवरचा लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणारा) बंद करून थर काढ आणि प्रत्येक थराला सहाएक डेसिबल जागा मोकळी सोड. सुटे थर पुन्हा एकत्र वाजले की आवाज फुटतो तो बहुतेक वेळा इथेच.

तुकडे तयार झाले की प्रश्न उरतो वेळेचा. पॅड, म्हणजे बोटाने दाबायचं बटण, जरा आधी दाबला गेला तरी तुकडा पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवरच सुटावा, अशी सोय सगळ्या चांगल्या सॉफ्टवेअरांत आणि यंत्रांत असते. एबलटन लाइव्हमध्ये तिला लाँच क्वांटायझेशन म्हणतात. समेवर येणं तुला ठाऊक असेलच, हे तेच आहे. फक्त समेची वाट तुझ्याऐवजी यंत्र बघतं. ती एका बारावर ठेव. चार बारांवर ठेवलीस तर मैत्रीण वळली तरी यंत्र दहा सेकंद मागेच रेंगाळेल. आणि ती सोय अजिबात बंद ठेवलीस तर पहिल्याच कार्यक्रमात घामाने बोट घसरेल.

पहिले दोन आठवडे एवढंच कर, आणि त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. एफएलमध्ये परफॉर्मन्स मोड आहे, त्यात प्लेलिस्टवरचे तुकडे हवे तेव्हा सोडता येतात. मला स्वतःला या कामाला एबलटन लाइव्ह जास्त हाती बसतं. २००१ मध्ये ते आलं, आणि त्याचा सेशन व्ह्यू म्हणजे तुकड्यांची चौकटच आहे: उभ्या रांगांत थर, आडव्या रांगांत गाण्याचे भाग. त्याची चाचणी आवृत्ती फुकट मिळते आणि तुकडे लॅपटॉपच्या साध्या कीबोर्डवरच्या बटणांना जोडता येतात. मग मैत्रिणीला बोलाव. तिला सांग, अंतरा कधी एकदा घे, कधी तीनदा घे, मला आधी सांगू नकोस. तू पडद्याकडे बघायचं नाहीस, तिच्याकडे बघायचंस. मुखड्याकडे वळण्याआधी गाणारं माणूस श्वास कसा घेतं, मान कशी उचलतं, हे चार दिवसांत तुला कळायला लागेल. नाहीच कळलं तर हाताची एक खूण ठरवून टाका. यात काही कमीपणा नाही, मोठमोठे वाद्यवृंद खुणेवरच चालतात.

या दोन आठवड्यांत तुला एक गोष्ट लख्ख कळेल: तुझ्या हाताला काय करावंसं वाटतंय. कोणाला तुकडे सोडण्यात आणि थर आत-बाहेर करण्यात मजा येते. कोणाला बोटांनी ठोके वाजवावेसे वाटतात. कोणाला इफेक्टची बटणं सोडवत नाहीत. यंत्र त्यावरून ठरतं. तू ज्या तिघांची नावं घेतलीस ती तिन्ही उत्तम आहेत, पण तिघांचे स्वभाव अगदी वेगळे.

आधी लॅपटॉपचं सांगते, कारण तुझ्या प्रश्नात थोडी लाज दिसली. ती मनातून काढून टाक. स्टेजवर लॅपटॉप असण्यात काहीही उणं नाही. त्याच्याइतकी मेमरी, त्याच्याइतकी सोय कुठल्याच पेटीत नाही. त्याला चार आउटपुटांचं साउंड कार्ड जोडलं की एका जोडीतून लोकांना गाणं आणि दुसऱ्या जोडीतून फक्त तुम्हा तिघांच्या कानात क्लिक, म्हणजे लय मोजणारी टिकटिक, पाठवता येते. छोट्या यंत्रांना बहुतेक वेळा एकच जोडी असते, तिथे हे जमवायला कसरत करावी लागते. लॅपटॉपचा त्रास वेगळा आहे: तो एकाच वेळी शंभर कामं करत असतो. त्यामुळे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अपडेट थांबव, वायफाय आणि ब्लूटूथ बंद कर, सूचना बंद कर, बॅटरी वाचवण्याची सेटिंगं काढून टाक. विंडोज असेल तर साउंड कार्डच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिराचा) वापर. आणि यूएसबीची केबल टेबलाच्या पायाला पट्टीने बांधून टाक. माझी एकदा गिटारवाल्याच्या पायात अडकून निघाली होती. तेव्हापासून मी ती बांधल्याशिवाय साउंडचेकला सुरुवातच करत नाही.

बोट दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर म्हणजे लेटन्सी, तिचा बाऊ सगळेच करतात, पण ती कधी महत्त्वाची हे कमीजण सांगतात. ४८ किलोहर्ट्झला बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा घास तयार करतो तो) १२८ ठेवला तर तेवढ्यापुरता २.७ मिलिसेकंद उशीर होतो, ५१२ ला १०.७. प्रत्यक्षात ड्रायव्हर आणि कार्डाचा वेळ धरून याहून थोडा जास्त. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे स्पीकरपासून साडेतीन मीटरवर उभा राहिलास तर तेवढ्यानेच दहा मिलिसेकंद गेले. आता विचार कर: तू नुसते लूप सोडणार असशील तर ते पुढच्या समेवरच सुटणार आहेत, तेव्हा बफर ५१२ असला तरी काही बिघडत नाही, उलट लॅपटॉपला दम खायला जागा मिळते. पण बोटांनी स्नेअर (ड्रमसेटमधला कडक ठोका) वाजवणार असशील तर १२८ किंवा त्याहून कमी लागेल, नाहीतर बोट आणि आवाज यांची फारकत होते आणि तू नकळत लय ओढायला लागतोस. मॉनिटर जवळ ठेव म्हणतात ते याचसाठी.

आता यंत्रं. डिजिटॅक्ट हे २०१७ चं यंत्र, आठ ऑडिओ ट्रॅकचं. एकेका स्टेपवर, म्हणजे पाव मात्रेवर, आवाजाची जवळजवळ प्रत्येक सेटिंग वेगळी बांधता येते, आणि पॅटर्न बदलताना मध्ये जराही खंड पडत नाही. त्या यंत्रावर बसून शून्यातून बीट उभं करणाऱ्याला ते फार देतं. पण पहिल्या डिजिटॅक्टमध्ये सॅम्पल (यंत्रात भरलेले आवाजाचे तुकडे) मोनो, आणि पॅटर्न जास्तीत जास्त ६४ स्टेपचा, म्हणजे चार बारांचा. २०२४ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोळा ट्रॅक, स्टीरिओ सॅम्पल आणि १२८ स्टेप आले, तरी त्याचा पिंड तोच आहे. तुझी गाणी आधीच बनलेली आहेत. ती त्यात कोंबायची म्हणजे पुन्हा बनवण्याइतकं काम, आणि तुझ्या हातात आठ आठवडे आहेत. पुढे कधीतरी जरूर घे. आत्ता नको.

एसपी-४०४ ची २०२१ ची एमके-टू आवृत्ती मला मनापासून आवडते. सोळा पॅड, एका प्रोजेक्टमध्ये १६० सॅम्पल, सहा पेन्सिल सेलवरही चालते, माईक थेट लावता येतो, आणि इफेक्ट अगदी बोटाखाली. मैत्रिणीच्या आवाजाचा एक शब्द पकडून तो पुढच्या बारमध्ये उलटा वाजवायचा असेल तर हिच्यासारखं दुसरं काही नाही. पण गाण्याचा साचा सांभाळायचं काम, कुठला भाग किती वेळा घ्यायचा हे, ती तितक्या सहजतेने करत नाही. तिथे तुलाच सगळं डोक्यात ठेवावं लागेल.

आणि एमपीसी. चार बाय चार पॅडांची ती चौकट १९८८ च्या एमपीसी६० पासून चालत आलीय, रॉजर लिन यांनी अकाईसाठी आखलेली. मधल्या काळात तिला संगणकाची साथ लागत होती. २०१७ मध्ये एमपीसी लाइव्ह आणि एमपीसी एक्स आल्या आणि ती पुन्हा स्वतःच्या पायावर उभी राहिली. तुझ्या दृष्टीने तिच्यात एक गोष्ट सोन्याची आहे. प्रत्येक भागाचा एक सिक्वेन्स करायचा: मुखड्याचा एक, अंतऱ्याचा एक. चालू सिक्वेन्स आपोआप फिरत राहतो. तू पुढचा निवडलास की चालू फेरी पूर्ण होते आणि मगच पुढचा सुरू होतो. म्हणजे मैत्रिणीने अंतरा दोनदा घेतला तर तुला काय करायचंय? काहीच नाही. पुढचा निवडायचा नाही, बस्स. तिने तीनदा घेतला तरी बीट तिच्या पायाखालून हलत नाही. आठ बारांऐवजी चार-चार बारांचे सिक्वेन्स ठेवलेस तर मधूनच वळणंही सोपं जातं.

एका प्रोजेक्टमध्ये १२८ सिक्वेन्स मावतात, तेव्हा आठही गाणी एकाच प्रोजेक्टमध्ये ठेव. यावर मी हटून बसणार आहे. माझा एक कार्यक्रम अजून डोळ्यांसमोरून जात नाही. प्रत्येक गाण्याचा वेगळा प्रोजेक्ट केला होता. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, टाळ्या थांबल्या, आणि पुढचा प्रोजेक्ट उघडतोय हे दाखवणारी पडद्यावरची पट्टी अजून निम्म्यावर. गाणाऱ्याने दोनदा बोलून वेळ मारून नेली. तिसऱ्यांदा त्याच्याकडे बोलायलाही काही उरलं नाही. तो माझ्याकडे बघत होता आणि मी पट्टीकडे. मेमरीची काळजी करू नकोस: १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा स्टीरिओ आवाज मिनिटाला साडेदहा एमबीच्या आसपास जागा घेतो. आठ गाणी, चार थर, चार-चार मिनिटं सगळं सलग ठेवलं असतंस तरी सव्वा-दीड जीबी झालं असतं. एमपीसी वनमध्ये २ जीबी आहे, त्यातली काही यंत्रालाच लागते, आणि तू तर लूप ठेवणार आहेस. बेस आणि किक (ड्रमसेटमधला खालचा जाड ठोका) मोनोच ठेव, तेवढी जागा आणखी वाचेल.

तेव्हा दोन आठवड्यांनंतर तुला लॅपटॉपवरच मोकळं वाटलं, तर लॅपटॉप ठेव आणि त्या पैशांत चार आउटपुटांचं साउंड कार्ड आणि साधा सोळा पॅडांचा कंट्रोलर बसतो का बघ. बऱ्याच कंट्रोलरांबरोबर लाइव्हची लाइट आवृत्ती येते. पण बोटं ठोके मागत असतील आणि पडदा नकोसा झाला असेल, तर एमपीसी वन किंवा तिच्या घरातलं कुठलंही यंत्र घे. तुझ्या पत्रावरून मला यातली दुसरी गोष्टच होईल असं वाटतंय. वापरलेलं मिळालं तर आनंदाने घे, फक्त सोळाही पॅड हलक्या बोटाने एकेक वाजवून बघ. जोरात मारल्यावर खराब पॅडही बोलतो, हळू मारल्यावरच त्याचं खरं कळतं. जॅक घालून तो किंचित हलवून बघ, खरखर आली तर ते यंत्र सोडून दे.

यंत्र हातात आलं की सगळं वाजवायचा मोह होईल. आवर. प्रत्येक गाण्यात एकच थर हाताने वाजवायचा असं ठरव. किक लूपमध्येच राहू दे, कारण ती चुकली की तिघंही कोसळतात. तू स्नेअर, हाय-हॅट (झांजांची जोडी) आणि फिल (दोन भागांमधली छोटी भर) घे. पॅडांची जागा आठही गाण्यांत तीच ठेव: पॅड १ डाव्या खालच्या कोपऱ्यात असतो, तिथे किक, शेजारी स्नेअर, मग बंद हॅट, मग उघडी हॅट. बंद आणि उघडी हॅट एकाच म्यूट ग्रुपमध्ये टाक, म्हणजे बंद वाजवली की उघडीचा आवाज तिथेच कापला जाईल, खऱ्या ड्रमसेटवर पायाने दाबल्यासारखा. एवढ्या एका सेटिंगने हाताने वाजवलेलं बीट जिवंत वाटायला लागतं.

बोटांनी वाजवलेलं नंतर यंत्राकडून ताठ करून घेऊ नकोस. हिप-हॉपमधले नावाजलेले बीटकार जे डिला अनेकदा क्वांटाइझ (ठोके आपोआप मात्रेवर बसवणारी सोय) बंद ठेवून बोटांनीच ठोके देत. त्यांची एमपीसी ३००० आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेली आहे. मात्र लूपमध्ये स्विंग, म्हणजे ठोक्यांचा झोका, असेल तर तो किती आहे हे लिहून ठेव. ५० म्हणजे सरळ, ६६ म्हणजे जवळजवळ तिय्या, मात्रेचे तीन भाग केल्यासारखा. एफएलमध्ये आणि एमपीसीवर स्विंगचे आकडे एकाच मापाचे नसतात, तेव्हा कानाने जुळव. लूप झुलणारा आणि तुझी हॅट सरळ, असं झालं की ऐकणाऱ्याला काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण अंग हलायचं थांबतं.

आवाजाबद्दल थोडंच सांगते. तू रोलँडच्या टीआर-८०८ या जुन्या ड्रम मशीनची किक वापरत असणार, सगळेच वापरतात. ते यंत्र १९८० ते १९८३ एवढंच बनलं, सुमारे १२,००० नग. खऱ्या ड्रमसारखा आवाज नाही म्हणून तेव्हा ते मागे पडलं, आणि जुन्या मालात स्वस्तात मिळायला लागलं तेव्हा नव्या संगीताने उचलून धरलं. त्याच्या किकचा जीव ५०-६० हर्ट्झच्या आसपास असतो. हेडफोनवर ती छाती भरून येते आणि छोट्या स्पीकरवर गायब होते. तिला थोडं सॅच्युरेशन (आवाजाची हलकी फोड) दे, म्हणजे वरचे सूर तयार होतील आणि छोट्या स्पीकरवरही तिचा ठोका कळेल. सगळा सेट एकदा मोनोमध्ये ऐक. रुंद केलेला बेस मोनोत कधी कधी स्वतःलाच खाऊन टाकतो. आठही गाणी लागोपाठ लावून आवाज बरोबरीचा कर, नाहीतर साउंडवाल्याला प्रत्येक गाण्याला हात उचलावा लागेल, आणि तो दरवेळी उचलेलच असं नाही.

घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघ. आवाज गेला तर तो अर्थिंगच्या वेटोळ्याचा आहे, आणि त्याला इलाज डीआय बॉक्स, लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या मध्ये जोडायची छोटी पेटी. प्लगची अर्थची पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर तो अजिबात ऐकू नकोस, त्यात जीव जाऊ शकतो.

गिटारवाला मित्र लूप पेडल वापरत असेल तर दोघांपैकी एकाचंच घड्याळ चालेल, आणि ते तुझं असू दे. मिडी, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायची भाषा, १९८३ पासून आहे. त्याचं घड्याळ एका मात्रेला २४ टिक पाठवतं आणि समोरचं यंत्र त्यावर चालतं. पेडलला मिडी इनपुट नसेल तर त्याने लूप करू नये, साधं वाजवावं. हाताने जुळवलेले दोन लूप चौथ्या-पाचव्या फेरीला वेगळे पडतातच. आणि मधल्या मोकळ्या जागेत बीट थांबतं तेव्हा लय हातातून निसटते असं वाटत असेल, तर क्लिकच्या भानगडीत पडण्याआधी तिथे एक बारीक शेकर चालू ठेवून बघ. लोकांना तो जाणवतही नाही, तिघांना पुरतो.

वेळेचं असं कर: दोन आठवडे मोडणं, मग खरेदी, तीन आठवडे सगळं यंत्रात बसवणं, आणि शेवटचे तीन आठवडे नुसतं वाजवणं. त्या तीन आठवड्यांत एकही नवा आवाज घालायचा नाही, कितीही सुचला तरी. सराव उभ्याने कर, स्टेजवर असतं तेवढ्याच उंचीच्या टेबलावर. दिवे मालवूनही कर. अंधारात पॅड सापडावेत म्हणून कोपऱ्यांवर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लाव. आणि मुद्दाम चुका कर. मित्राला सांग, मध्येच कधीतरी ‘बंद’ असं ओरड. तू सगळं थांबवायचंस आणि दोन बारांच्या आत ड्रमवरून परत आत यायचंस. हे दहा वेळा केलंस की स्टेजवर खरंच काही बंद पडलं तरी हात आपोआप जागेवर जातो. प्रोजेक्टच्या दोन प्रती दोन वेगळ्या कार्डांवर ठेव, आणि आठही गाण्यांच्या सलग फाईली फोनमध्ये घालून तो मिक्सरला जोडून ठेव. ज्या फाईलींना तू कंटाळलायस त्याच त्या, अडीअडचणीला असू देत.

आता त्या माणसाबद्दल, ज्याने तुला विचारलं. त्याने टोमणा मारला नव्हता. त्याला तुझे हात दिसले नव्हते. यंत्र टेबलावर सपाट ठेवू नकोस, तुझ्या बाजूची कड उचलून ते तुझ्याकडे नव्हे, लोकांकडे कलतं ठेव. तुला वाजवायला जरा अवघड जाईल, म्हणून सरावही तसाच कर. लॅपटॉप असला तर तो बाजूला, तू आणि लोक यांच्या मध्ये नको. आणि पहिलं गाणं लूपने सुरू करू नकोस. फक्त त्या एका गाण्यात किकही हातात घे. चार बार नुसती किक, मग स्नेअर, मग हॅट, मग लूप आत आणि किक सोडून द्यायची, मग गिटार. ९० च्या लयीत हे सगळं पाऊण मिनिटाच्या आत होतं, आणि तेवढ्यात समोरच्या प्रत्येकाला कळलेलं असतं की कुठल्या बोटाने कुठला आवाज येतोय. त्या जागी कुठलं गाणं ठेवायचं म्हणशील, तर ज्या गाण्यात ती हमखास अंतरा दोनदा घेते, तेच ठेव. दुसऱ्या अंतऱ्याला ड्रम काढून घे, तिला एकटीला गाऊ दे, आणि मुखड्याच्या समेवर हाताने परत आण.

— तुझी ताई